जोड लावला की टॉर्क पान्याचा आकडा बदलतो

माझ्या गॅरेजमध्ये वाइसच्या वर, खिळ्याला तारेनं बांधून दोन बोल्ट टांगलेले आहेत. दोन्ही एकाच इंजिनाचे, एकाच पाकिटातून आलेले, एम १२ म्हणजे १२ मिलिमीटर जाडीचे, डोक्यावर १०.९ हा ताकदीचा आकडा कोरलेला. शेजारी शेजारी धरले की एक दुसऱ्यापेक्षा दीड मिलिमीटर लांब भरतो. आटे सुरू होतात तिथं नख फिरवलं तर तो कमरेत बारीक झालाय हे डोळे मिटूनही कळतं. तो बोल्ट मी ताणला. टॉर्क पान्यानं, म्हणजे लावलेल्या आकड्याइतका पीळ आला की टक् आवाज करणाऱ्या पान्यानं ताणला, पुस्तकातला आकडा नीट बघून आणि लावून ताणला.

आमचा तासगावचा भाग द्राक्षाचा. ऑक्टोबर छाटणी झाली की बागेतल्या छोट्या ट्रॅक्टरला आणि त्यामागच्या औषध फवारायच्या ब्लोअरला उसंत नसते. फूट कोवळी असते. त्यावर पाऊस झाला आणि औषध वेळेत बसलं नाही, तर डावणीची बुरशी शिरते आणि घड जातात. अशाच दिवसांत एका बागायतदारांचा तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर हेड पॅकिंग (हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, त्याखालचं पॅकिंग) उडून माझ्याकडे आला. हेड तासून आणलं, पॅकिंग नवं घातलं, बोल्ट नवे आणले. त्या इंजिनाच्या पुस्तकात हेड बोल्टला ११० न्यूटन मीटर (पीळ मोजायचं एकक) दिलेलं. पुढचे बोल्ट गोटी, म्हणजे बोल्टाच्या डोक्यावर बसणारा सॉकेट, लावून ओढले. प्रत्येकाला स्वच्छ टक् आवाज आला.

मागच्या दोन बोल्टांवर डिझेल टाकीचा ब्रॅकेट आडवा येत होता. गोटी आणि त्यावर पान्याचं डोकं, एवढी उंची तिथं मावेना. म्हणून लेथवाल्याकडून करून घेतलेला जोड काढला. १९ चा रिंग पाना मध्ये कापायचा आणि कापलेल्या बाजूला अर्धा इंची चौकोनी भोकाचा तुकडा वेल्ड करायचा, असा तो जोड. रिंगच्या मध्यापासून चौकोनाच्या मध्यापर्यंत १०० मिलिमीटर. पाना ११० वर लावलेला होता तो तसाच ठेवला आणि ओढला. पहिल्या बोल्टला आवाज नेहमीपेक्षा उशिरा आला. दुसऱ्याला आलाच नाही. पाना फिरत होता, पण हाताला लागणारा जोर वाढत नव्हता. बोल्ट हाताखाली मऊ पडत गेला. ज्यानं हे एकदा अनुभवलंय त्याच्या पोटात तिथंच खड्डा पडतो, कारण तेव्हा बोल्ट घट्ट होत नसतो, लांब होत असतो.

हेड परत उतरवलं. एकदा दाबलं गेलेलं पॅकिंग पुन्हा वापरत नाहीत, म्हणून तेही नवं आणि बोल्टही सगळे नवे. दोन दिवस गेले. त्या माणसानं ते दोन दिवस शेजाऱ्याचा ब्लोअर भाड्यानं घेऊन औषध मारलं. सामानाचे पैसे मी घेतले नाहीत, पण त्यांची धावपळ काही भरून देता आली नाही. तेव्हापासून टॉर्क पान्याला काहीही जोडायच्या आधी मी जे करतो ते इथं सगळं लिहितोय. ट्रॅक्टर असो, जीप असो की पाण्याचं इंजिन, हिशेब सगळीकडे हाच.

आधी एक गोष्ट मनात पक्की बसली पाहिजे. टॉर्क पाना बोल्टावर किती पीळ आला हे मोजत नाही. त्याला फक्त स्वतःच्या चौकोनी टोकावर, म्हणजे गोटी बसते तिथं, आलेला पीळ कळतो. गोटी सरळ लावलेली असली की चौकोनी टोकाचा मध्य आणि बोल्टाचा मध्य एका रेषेत असतात, त्यामुळे दोन्हीकडचा पीळ सारखाच असतो आणि आपण निर्धास्त राहतो. जोडामुळे बोल्टाचा मध्य त्या रेषेतून बाजूला सरकला की दोन्ही आकडे वेगळे होतात, आणि पान्याला ते समजायला काही मार्ग नसतो.

म्हणून जोड हातात घेतला की पहिला प्रश्न असा: वरून डोळा लावून बघितलं तर बोल्टाचा मध्य पान्याच्या चौकोनाच्या बरोबर खाली आहे, की बाजूला गेलाय? बरोबर खाली असेल तर आकडा तोच राहतो. बाजूला गेला असेल तर हिशेब करायचा.

गोटीच्या सेटमध्ये येतो तो सरळ एक्स्टेंशन रॉड पहिल्या प्रकारातला. पाच इंची असो की दहा इंची, तो बोल्टाच्या रेषेतच लांब होतो, त्यामुळे पान्यावरचा आकडा बदलायचा नाही. “रॉड पिळला जातो, त्यात जोर खर्च होतो, म्हणून पाच-दहा वाढवून लाव,” असं सांगणारे अनुभवी मिस्त्रीही मला भेटलेत. रॉड पिळला जातो हे खरं आहे. बारीक आणि लांब रॉड असला तर आवाज यायच्या आधी पाना थोडा जास्त फिरतो, ते त्यामुळेच. पण रॉडच्या वरच्या टोकाला जेवढा पीळ असतो तेवढाच खालच्या टोकाला असतो, मधल्या मध्ये तो कुठं जात नाही. हळू आणि एकसारखं ओढलं तर आकडा जसाच्या तसा खाली पोचतो. रॉडनं जोर खायची गोष्ट इम्पॅक्ट गनची आहे. तिथं ठोके बसतात आणि लांब रॉड ते ठोके खातो. हातानं ओढायच्या टॉर्क पान्याला ते लागू नाही.

सरळ रॉडची खरी अडचण वेगळी आहे. पाना एका बाजूला ओढला की रॉडचं वरचं टोक त्या बाजूला कलतं, गोटी बोल्टाच्या डोक्यावर तिरकी बसते, रॉड एखाद्या ब्रॅकेटला घासतो, आणि आपला काही जोर त्या घासण्यात जातो. म्हणून डावा तळवा पान्याच्या डोक्यावर, बरोबर रॉडच्या वर ठेवायचा. त्या हातानं पाना फिरवायचा नाही, जोरानं दाबायचाही नाही. रॉड उभा राहावा एवढाच आधार द्यायचा. तीन छोटे रॉड एकात एक घालण्यापेक्षा एक लांब रॉड केव्हाही बरा, कारण प्रत्येक सांध्यात थोडी हालचाल असतेच.

युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे कोनात वाकणारा सांधा, मी टॉर्क पान्याला लावतच नाही. पीटीओ शाफ्टमधला (ट्रॅक्टरमागचं अवजार फिरवणाऱ्या दांड्यातला) क्रॉस ट्रॅक्टरवाल्याला ओळखीचा आहे, हा त्याचाच लहान प्रकार. वाकलेल्या क्रॉसमधून पीळ एकसारखा जात नाही. फिरताना तो कमीजास्त होत राहतो. कोन १५ अंशांचा असेल तर बोल्टाला ९७ टक्क्यांपासून साधारण साडेतीन टक्के जास्तपर्यंत काहीही मिळू शकतं. ३० अंशांना तेच ८७ ते ११५ टक्के होतं. आवाज आला त्या क्षणी क्रॉस कोणत्या स्थितीत होता, यावर सगळं अवलंबून. हेड, मेन बेअरिंग किंवा कनेक्टिंग रॉडच्या बोल्टांना असं करणं मला पटत नाही. वाटेतला भाग खोलायला अर्धा तास गेला तरी चालेल.

आता दुसरा प्रकार, ज्यात मी फसलो. माझ्या रिंगसारखा घरगुती जोड, किंवा बाजारात मिळतो तो क्रोफूट. क्रोफूट म्हणजे दांडा नसलेलं पान्याचं नुसतं तोंड, मागं चौकोनी भोक असलेलं. इंजेक्टरच्या पाइपाचा नट घ्या. नटातून पाइप बाहेर आलेला असतो, त्यामुळे वरून गोटी जाऊच शकत नाही. तिथं क्रोफूटच लागतो. त्यातही रिंगला एक फट ठेवलेला, पाइपावरून आत सरकणारा प्रकार घ्या. तो नट पाच-सहा बाजूंनी धरतो. साध्या उघड्या तोंडाचा क्रोफूट मऊ नटाचे कोपरे गोल करतो.

हे जोड पाना लांब करतात. पान्याच्या चौकोनापासून तुमच्या हातापर्यंत जेवढं अंतर आहे, त्यात जोडाचं अंतर मिळवलं की बोल्टापासून हातापर्यंतचं अंतर होतं. तोच हात आता लांबून ओढतोय, म्हणून बोल्टाला जास्त बसतं. पान्याला मात्र त्याच्या चौकोनापर्यंतचंच कळतं. त्यामुळे पान्यावर कमी आकडा लावायचा. किती कमी, ते असं काढायचं:

पान्यावर लावायचा आकडा = पुस्तकातला आकडा × ल ÷ (ल + ज)

ल म्हणजे पान्याच्या चौकोनाच्या मध्यापासून मुठीच्या मध्यापर्यंतची लांबी. ज म्हणजे जोडाची लांबी, चौकोनी भोकाच्या मध्यापासून बोल्टाच्या मध्यापर्यंत. जोड टोकापासून टोकापर्यंत मोजतात ती चूक आहे, दोन्हीकडे मध्यच धरायचा. दोन्ही मापं मिलिमीटरमध्ये घेतली की झालं.

माझ्या पान्याचा ल ४००, रिंगच्या जोडाचा ज १००. म्हणजे ११० × ४०० ÷ ५०० = ८८. पाना ८८ वर लावला की बोल्टाला ११० बसतात. मी ११० वरच ठेवला होता, म्हणजे उलटा हिशेब केला तर ११० × ५०० ÷ ४०० = १३७.५. पंचवीस टक्के जास्त. बोल्ट का ताणला याचं उत्तर त्या एका ओळीत आहे, आणि ते काढायला खडूशिवाय काही लागलं नसतं.

इंजेक्टर पाइपाच्या नटाचंही असंच. माझ्याकडे नेहमी येणाऱ्या एका इंजिनाच्या पुस्तकात त्या नटाला २७ न्यूटन मीटर दिलंय. त्याला मी छोटा, तीन अष्टमांश इंची पाना वापरतो. त्याचा ल २४०, १७ च्या क्रोफूटचा ज ३०. २७ × २४० ÷ २७० = २४. फरक तीनच न्यूटन मीटरचा दिसतो, म्हणून पोरं सोडून देतात. पण आकडा न बदलता ओढलं तर नटाला तीस पार बसतात. जोड फक्त तीस मिलिमीटरचा असला तरी पानाही आखूड आहे, म्हणून साडेबारा टक्क्यांचा फरक पडतो. छोट्या पान्यावर छोटा जोडही महागात पडतो, हे लक्षात ठेवा. हे आकडे माझ्याकडच्या इंजिनांचे आहेत. तुमच्या इंजिनाचा आकडा त्याच्याच पुस्तकातून घ्यायचा.

कागदावरचा हिशेब पटत नसेल, तर डोळ्यांनी बघायची एक रीत आहे. माझ्याकडे नवीन मुलगा शिकायला आला की मी त्याच्याकडून हे एकदा करून घेतो. एक जुना बोल्ट घ्या, त्याचं अंग दोन बाजूंनी ग्राइंडरवर चपटं करा आणि डोकं आपल्याकडे येईल असा वाइसमध्ये आडवा घट्ट पकडा. पाना ४० न्यूटन मीटरवर लावा. गोटी लावून पाना बोल्टावर बसवा, मूठ उजव्या हाताला आणि जमिनीला समांतर. म्हणजे खाली ओढलं की तो आवळायच्या दिशेनं जाईल. मुठीच्या मध्यावर सुतळीनं एक रिकामा कॅन टांगा. खाली लाकडाचा ठोकळा ठेवा आणि पाय लांब ठेवा. आता मगानं हळूहळू पाणी ओता.

४० न्यूटन मीटरला ४०० मिलिमीटरवर १०० न्यूटनचा जोर लागतो, म्हणजे १० किलोच्या थोडं वर. प्रत्यक्षात कॅन साडेनऊ-पावणेदहा किलोच्या दरम्यान भरला की आवाज येतो, कारण पान्याचं स्वतःचंही वजन खाली ओढत असतं. माझा पाना सव्वा किलोच्या आसपास आहे. आवाज आला की कॅन हुकाच्या काट्यावर तोला आणि वजन लिहून ठेवा. आता पाणी काढून टाका, गोटीच्या जागी १०० मिलिमीटरचा जोड सरळ रेषेत लावा आणि पुन्हा तसंच पाणी ओता. आवाज पुन्हा त्याच वजनाला येतो. मुलं इथं गोंधळतात, कारण त्यांना वाटत असतं की आता काहीतरी बदलेल. पान्यापुरतं खरंच काही बदललेलं नाही. पण फूटपट्टी लावून बघा: कॅन आधी बोल्टापासून ४०० वर होता, आता ५०० वर आहे. बोल्टाला आधी ४० मिळत होते, आता ५० मिळतायत, आणि पाना मात्र तोच टक् करतोय. एवढं एकदा बघितलं की सूत्र पाठ करावं लागत नाही.

त्याच कॅननं आणखी एक गोष्ट दाखवता येते. ती या सगळ्या कामात सर्वांत जास्त विसरली जाते. जोड लावलेला असताना हात कुठं धरता याला फार महत्त्व आहे. हिशेबात आपण ल ४०० धरला, म्हणजे हात ४०० वरच हवा. जागा अडचणीची आहे म्हणून हात पुढे सरकवून ३०० वर धरला, तर ८८ वर लावलेला पाना बोल्टाला ८८ × ४०० ÷ ३०० म्हणजे सुमारे ११७ देतो. दोन्ही हातांनी ओढायची सवय असली, एक हात मुठीवर आणि एक मध्ये, तर नेमका ल किती हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून माझ्या दोन्ही पान्यांच्या मुठीवर लाल ऑइलपेंटचा एक पट्टा आहे. मधलं बोट त्या पट्ट्यावर, आणि ओढायचं ते एकाच हातानं. दुसरा हात डोक्यावर, आधारापुरता.

मूठ फिरवून आकडा लावायच्या पान्यात मूठ थोडी आत-बाहेर होते, म्हणून ल पाना त्या आकड्यावर लावूनच मोजावा. पाच-दहा मिलिमीटरच्या फरकानं फार बिघडत नाही: ४०० ऐवजी ४१० धरलं तर उत्तरात अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो. पण पट्टा तेवढ्यासाठी दरवर्षी पुन्हा मारतो.

मुठीत पाइप घालून ओढणं तर अजिबात नको. चाकाच्या पान्यात पाइप घालायची आपल्याकडे सर्रास सवय आहे, तीच इथं येते. टॉर्क पान्यात पाइप घातला की हात लांब जातो, आवाज हाताला नीट जाणवत नाही, आणि जोड लावलेला असेल तर हिशेब उलट बाजूनं बिघडतो. हात ७०० वर गेला तर ८८ वर लावलेला पाना बोल्टाला शंभराच्या आसपासच देतो. म्हणजे बोल्ट ढिला राहतो, आणि आपल्याला वाटतं की चांगला आवळलाय. जोर पुरत नसेल तर मोठा पाना आणावा.

जोड पान्याच्या रेषेत सरळ पुढे असेल तेव्हाच वरचा हिशेब तसाच्या तसा लागतो. क्रोफूटचं भोक चौकोनी असल्यामुळे तो काटकोनातही बसतो, आणि तिथं एक मोठी सोय आहे. क्रोफूट पान्याला काटकोनात लावला तर आकडा बदलावाच लागत नाही. पुस्तकातला आकडा तसाच लावायचा. कारण पान्याच्या दांड्याच्या दिशेनं बोल्ट पुढेही गेलेला नसतो आणि मागेही नाही. अट एवढीच की पाना त्याच्या दांड्याला बरोबर काटकोनात ओढायचा. तिरका ओढला तर इथं चूक शिरते. इंजेक्टर पाइपाला जागा असेल तिथं मी काटकोनच पसंत करतो. क्रोफूट उलटा, म्हणजे मुठीच्या बाजूला वळवून लावला, तर बोल्ट हाताच्या जवळ येतो. मग भागाकार ल + ज ऐवजी ल − ज नं करायचा आणि आकडा वाढतो: तोच २७ चा नट, २७ × २४० ÷ २१०, जवळजवळ ३१. मधल्या तिरक्या कोनांचाही हिशेब आहे, पण इंजिनात वाकून कोन डोळ्यांनी मोजणं माझ्या मते भरवशाचं नाही. सरळ किंवा काटकोन, दोन्हीपैकी एक बसवायचा प्रयत्न करा.

हिशेबाआधी एकक बघायचं. जुन्या पुस्तकांत आकडे किलो मीटरमध्ये असतात, पान्यावर न्यूटन मीटर आणि फूट पाउंड. एक किलो मीटर म्हणजे ९.८ न्यूटन मीटर, एक फूट पाउंड म्हणजे १.३५६. पुस्तकात ११.२ किलो मीटर असेल तर आधी त्याचे ११० न्यूटन मीटर करायचे आणि मग जोडाचा हिशेब करायचा. पान्यावर दोन पट्ट्या असतात, त्यातल्या चुकीच्या पट्टीवर ८८ लावले तर बोल्टाचं जे होईल ते जोडाच्या चुकीपेक्षा वाईट. उत्तर आलेला आकडा पान्याच्या पट्टीच्या अगदी तळाशी येत असेल तर लहान पाना घ्या. तळाशी पाना कमी भरवशाचा असतो आणि आवाजही इतका हलका येतो की इंजिनाशेजारी ऐकू जात नाही.

ओढताना झटका द्यायचा नाही. आवाज आला की हात तिथंच सोडायचा. “खात्रीसाठी” दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा टक् करायची सवय मोडा, दर वेळी बोल्ट थोडा पुढे जातो. आधीच घट्ट असलेल्या बोल्टावर पाना लावला आणि लगेच आवाज आला, तर त्यावरून इतकंच कळतं की तो त्या आकड्याच्या खाली नाही. वर किती आहे ते कळत नाही. शंका असेल तर ढिला करून पहिल्यापासून आवळा, आणि पुस्तकात तो बोल्ट पुन्हा वापरू नका म्हटलं असेल तर नवाच घाला. हेड बोल्ट दोन-तीन टप्प्यांत आणि मधून बाहेर अशा क्रमानं आवळायचे असतात. जोड लावलेल्या बोल्टांचा हिशेब प्रत्येक टप्प्यासाठी वेगळा करा: पुस्तकात आधी ५०, मग ८०, मग ११० असेल, तर माझ्या जोडाला ४०, ६४ आणि ८८. आट्यांना तेल लावायचं की कोरडे ठेवायचे हेही पुस्तक सांगेल तसंच. कोरड्याचा आकडा तेलकट आट्यांवर वापरला तर बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो, मग जोडाचा हिशेब कितीही बिनचूक असो.

काम झालं की पाना त्याच्या पट्टीवरच्या सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून पेटीत. त्याच्याही खाली फिरवायचा नाही. बोल्ट सोडायला टॉर्क पाना वापरायचा नाही, त्यासाठी टॉमीचा लांब दांडा आहे. आयएसओ ६७८९ या आंतरराष्ट्रीय मानकात अशा पान्यांना १० न्यूटन मीटरच्या वर अधिक-उणे चार टक्क्यांची सूट दिलेली आहे, आणि वेगळी सूचना नसेल तर वर्षातून एकदा किंवा ५००० वेळा वापरल्यावर तपासणी. मी दर वर्षी एप्रिलमध्ये, खरड छाटणीच्या सुमाराला, दोन्ही पाने एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी संस्था) मान्यतेच्या लॅबमध्ये पाठवतो. पानाच चार टक्के हलू शकतो, त्यात जोडाचे पंचवीस टक्के विसरले तर काय उरतं ते सांगायला नको.

एक राहिलं. कुठलाही जोड लावायच्या आधी मी आता पाच मिनिटं नुसता बघत उभा राहतो, की तो टाळता येतो का. त्या ट्रॅक्टरचा ब्रॅकेट चार नटांवर बसवलेला आहे आणि तो काढून ठेवायला वीस मिनिटं लागतात. ते मी तेव्हा केलं नव्हतं. आता तशी इंजिनं आली की ब्रॅकेट आधी निघतो आणि गोटी सरळ बसते. जिथं खरंच इलाज नाही, तिथंच जोड.

जोडावर पंचनं १०० कोरलेलं आहे, क्रोफूटांवर त्यांचे आकडे. पेटीच्या झाकणात आतून कागद चिकटवलाय: ल ४०० ला ज ३० असेल तर पुस्तकातल्या आकड्याला ०.९३ नं गुणा, ५० ला ०.८९, १०० ला ०.८०. तरीही माझ्याकडचं पोरगं पाना उचलायच्या आधी टाकीवर खडूनं पूर्ण हिशेब लिहितं, पुस्तकातला आकडा, ल, ज आणि उत्तर. मी हातातलं काम सोडून येतो आणि वाचतो. ८८ लिहिलेलं दिसलं की मान हलवतो, तो पान्यावरचा आकडा मला दाखवतो, मधलं बोट लाल पट्ट्यावर ठेवतो आणि ओढायला लागतो.